बाजूला ठेवलेलं नाव

खरवईच्या हरिचंद्र रोकडेला नाही म्हणता येत नसे. हे एकदा आळीला कळल्यावर त्याच्या दारात काय काय येऊन पडेल याला धरबंध राहिला नाही. तो कॉम्प्युटरचं काम करतो एवढंच लोकांना ठाऊक होतं. तेव्हा कुणी बंद पडलेली इस्त्री आणी, कुणी टेपरेकॉर्डर, आणि शेजारच्या मोतीबाईने तर एकदा मिक्सर आणून ठेवला. कॉम्प्युटरचा आणि मिक्सरचा काही संबंध नाही हे तिला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने तो दुरुस्त करून दिला. पुढच्या आठवड्यात तिच्या जावेचा मिक्सर आला.

पण ज्या कामामुळे उल्हासनगरच्या छापखान्यांत त्याचं नाव निघायचं ते काम वेगळं होतं. कॅम्प तीनमध्ये हासानंद शेठचा छापखाना होता. खाली छपाईची मशीनं, दर्शनी बाजूला कॉम्प्युटरचं टेबल आणि वर लाकडी माळा. शेठने हरिचंद्रला ठेवलं होतं कॉम्प्युटर बंद पडला तर चालू करायला. कॉम्प्युटर काही रोज बंद पडेना. मग रिकाम्या वेळात माळ्यावर बसून त्याने मराठी मजकूर लिहायचा एक प्रोग्राम रचला. 'पाटी' हे त्याचं नाव. शेठच्या नाकाला धंद्याचा वास लगेच लागे. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या छापखान्यांना त्याने 'पाटी'च्या फ्लॉप्या विकायला सुरुवात केली. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराची ही गोष्ट. तेव्हा मराठी अक्षर पडद्यावर उमटलं तरी लोक कौतुकाने उभे राहून बघत.

शेठची एकच मागणी होती. "हरी, नाम पकडने का, उठाने का, दुसरी जगा रखने का. माउस से. पूरा फिरसे टाइप नहीं करने का. इतना करके दे." ही मागणी कुठून आली हे सांगायला नको. छापखान्याचं पोट लग्नपत्रिकांवर चालतं, आणि लग्नपत्रिकेत नावं जितक्या वेळा जागा बदलतात तितक्या वेळा माणसं घरं बदलत नाहीत. आत्याचं नाव मामीच्या खाली गेलं की आत्या रुसते. ते वर घेतलं की मामी. धाकट्या जावयाला निमंत्रकांत घातलं तर थोरला जावई विचारतो, आम्ही काय परके? पार्टी तीन-तीनदा येते, आणि प्रत्येक वेळी एक नाव खाली नि एक वर. हरिचंद्रने शेठला नाही म्हटलं नाही. माउसने नाव पकडायचं, बटन दाबून ठेवून ओढत न्यायचं, हव्या त्या जागी बटन सोडायचं. नाव तिथे जाऊन बसे. छापखानेवाले खूश झाले. एक-दोघांनी मात्र तक्रार केली की नावं कधीकधी आपोआप उड्या मारतात. हरिचंद्रने ती हसण्यावारी नेली. नीट पकडत नसतील, असं त्याला वाटलं.

खालच्या कॉम्प्युटरवर बबन बसायचा. त्याची उमेदीची वर्षं शिशाचे खिळे जुळवण्यात गेली होती. अक्षर अक्षर उचलायचं, ओळ बांधायची, ओळ गॅली नावाच्या तबकात ठेवायची. पुढे शिसं गेलं आणि त्याच्यासमोर कॉम्प्युटर आला. वयाच्या पन्नाशीत माणूस माउस धरायला शिकला, आणि शिकला तो असा की पोरांनी बघत राहावं. त्याचा एक नेम होता. नावांच्या बाबतीत पार्टी त्याच्यासमोर काय बोलली हे तो कुणाला सांगत नसे. कोणत्या घरात कोण कुणावर रुसलंय, कुणी कुणाचं नाव गाळायला लावलं, हे सगळं त्याला ठाऊक असायचं, आणि ते त्याच्यापाशीच राहायचं. "पार्टीचं बोलणं प्रेसच्या उंबऱ्याबाहेर जात नाय," असं तो म्हणे.

त्या वर्षी हरिचंद्रच्या बहिणीचं, उमाचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थात हासानंद शेठच्या छापखान्यात, आणि 'पाटी'वरच. मजकूर हरिचंद्रने स्वतः टाइप केला. वर बुद्धांचं आणि बाबासाहेबांचं चित्र, त्याखाली वारलेल्यांसाठीचा 'कालकथित' हा शब्द आणि आजोबा-आजीची नावं, स्मृतीस विनम्र अभिवादन, मग वधू-वर, आणि शेवटी निमंत्रक. निमंत्रकांत पहिलं नाव सोमा रामजी रोकडे. हे वडलांचे थोरले भाऊ, पोरांचे मोठेबाबा. पत्रिका छपाईला जायच्या दिवशी हरिचंद्रला वांगणीच्या एका छापखान्यात 'पाटी' बसवायला जावं लागलं. तेव्हा शेवटची नजर टाकायला त्याचे वडील शिवराम एकटेच गेले. शिवराम अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात होते. कामावरून परस्पर गेले, बबनसमोर बसले, हो म्हणाले, पत्रिका छापून झाल्या.

लग्नाची पत्रिका घरची माणसं वाचत नाहीत, नुसती बघतात. उमाने आपलं नाव बघितलं, हरिचंद्रने चित्र बरं उठलंय का ते बघितलं. पत्रिका वाटल्या गेल्या, लांबच्यांना टपालाने गेल्या. ती नीट वाचणारा पहिला माणूस निघाला नाशिककडचा चंदर, वडलांचा मामेभाऊ. त्याने पत्रिका वाचली, पांढरे कपडे घातले आणि तो थेट चामटोलीला सोमाच्या घरी गेला. पांढरे कपडे आपल्यात लग्नालाही चालतात नि मयतालाही, त्यामुळे वाटेत कुणाला वेगळं काही वाटलं नाही. त्याने कडी वाजवली. दार सोमाने उघडलं. चंदर उंबऱ्यावरच मटकन खाली बसला. पाणी पाजल्यावर त्याला बोलता आलं.

"जलदानाचा विधी कधीय ते विचारायला आलो होतो," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"तुझं."

पत्रिकेत 'कालकथित' या शब्दाखाली पहिलीच ओळ होती सोमा रामजी रोकडे. त्याखाली आजोबा, त्याखाली आजी. खाली निमंत्रकांत सोमाचं नाव नव्हतं. सगळ्या ओळींच्या शेवटी रोकडेच, त्यामुळे डोळा घसरून जाई. चंदरचा घसरला नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी सोमा पत्रिका हातात घेऊन खरवईला आले. उंची शिवरामपेक्षा वीतभर जास्त, कागदाच्या गिरणीत उभ्या उभ्या आयुष्य गेल्याने पाय थोडे फाकलेले. ते आत आले नाहीत. दारातच उभं राहून त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली. दोघा भावांचं बोलणं तसंही त्यांची आई गयाबाई वारल्यापासून बंदच होतं. कुणी मेलं-जन्मलं तर तेवढ्यापुरती हजेरी लावायची आणि वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसायचं.

"मी जिवंत आहे हे तुला ठाऊक आहे ना, शिवा?"

"ते मशीननं केलंय," शिवराम म्हणाले.

"मशीनला माझं नाव काय माहीत?"

"मशीननंच केलंय. माझ्या पोराचाच प्रोग्राम आहे. तो दाखवेल."

सोमांनी हरिचंद्रकडे बघितलं. लहानपणी याच माणसाने त्याला एक जुना रेडिओ आणून दिला होता आणि सांगितलं होतं, खोल, तोडलास तरी चालेल, पण परत जोड. त्याच्या आयुष्याला जी काही दिशा लागली ती त्या रेडिओपासून, असं तो अजून मानतो.

"हरी दाखवेल तर मी बघेन," सोमा म्हणाले. "मशीननं केलं असेल तर लग्नाला येईन, पहिल्या पंगतीला बसेन. माणसानं केलं असेल तर मी मेलोच असं धरून चाला." आणि पत्रिका उंबऱ्यावर टाकून ते निघाले. उमा आतून धावत आली तोवर ते गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. तिने पत्रिका उचलली, ती ओळ वाचली आणि वडलांना सांगून टाकलं, मोठेबाबा नसतील तर मी हार घालून उभी राहायची नाही. उमा हट्टी होती. बोलली म्हणजे बोलली.

प्रोग्राम करणाऱ्या माणसाला आपल्या प्रोग्रामात खोट निघालेली कधी आवडत नाही. हरिचंद्रला आयुष्यात पहिल्यांदाच ती निघावी असं मनापासून वाटत होतं.

तो माळ्यावर बसला आणि नावं ओढायला लागला. सोमांचं नाव खालून उचलून वर, वरून खाली. हळू ओढलं, झटक्यात ओढलं, अर्ध्यात थांबून ओढलं. नाव दर वेळी जिथे सोडावं तिथेच शहाण्यासारखं जाऊन बसे. हासानंद शेठ वर येऊन म्हणाला, "माउस खराब आहे, साईं. गोटी काढ, साफ कर." त्याने गोटी काढली, तिच्यावरची मळाची गुंडाळी नखाने खरवडली, नवा माउस लावला, जुना परत लावला. काही नाही. कोड वाचून काढला, ओळीमागून ओळ. ओळी सगळ्या बरोबर दिसत होत्या. स्वतः लिहिलेल्या ओळी बरोबरच दिसतात, हा त्यातला खरा त्रास. दिवस जात होते आणि घरी शिवराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मशीनची चूक आहे. हरी शोधतोय. सापडली की भावाला नेऊन दाखवतो." ते इतक्या खात्रीने सांगत की हरिचंद्रला त्या खात्रीचंच ओझं झालं.

मग त्याला ती उड्यांची जुनी तक्रार आठवली. छापखानेवाले खोटं बोलत नसतील तर जे होत होतं ते त्याच्या हातून होत नव्हतं, त्यांच्या हातून होत होतं. म्हणजे हात बघायला हवे होते. त्याने 'पाटी'ला दोन आवाज जोडले. माउसचं बटन दाबल्याची खबर प्रोग्रामला मिळाली की कॉम्प्युटरने बारीक टुक करायचं, आणि सोडल्याची खबर मिळाली की जाड टुक. ही आवाजाची 'पाटी' त्याने खालच्या कॉम्प्युटरवर घातली आणि स्टूल ओढून बबनशेजारी बसला. बबनला ते आवडलं नाही. "माझी परीक्षा घ्यायला बसलास काय?" त्याने विचारलं. पण बसू दिलं.

सकाळभर बारीक-जाड, बारीक-जाड असं चाललं. प्रत्येक दाबण्याला एक सोडणं. दुपारकडे बदलापूर गावातली एक पार्टी आली, नवऱ्यामुलाचे वडील आणि त्यांचे मेहुणे. पुतळाबाई नावाच्या मावशींचं नाव ठेवायचं की नाही यावर दोघांची जुंपली. मेहुणे म्हणाले ठेवा. वडील म्हणाले, साखरपुड्याला आल्या नाहीत, कशाला ठेवायचं? शेवटी ठरलं की घरी जाऊन विचारून सांगू, तोवर राहू दे. बबनने मान डोलावली. त्याने मावशींचं नाव माउसने पकडलं. बारीक टुक. ओढत ओढत उजवीकडे नेलं आणि बोट उचललं.

जाड टुक आलं नाही.

हरिचंद्र स्टुलावरून उठला. "बबनदादा, हे काय केलंत?"

"बाजूला ठेवलं."

"कुठे?"

"हितं." बबनने पडद्याच्या उजव्या कडेवर बोट टेकवलं. तेव्हा हरिचंद्रने पहिल्यांदा नीट पाहिलं. माळ्यावर काम करताना तो 'पाटी'ची खिडकी पडदाभर पसरून ठेवायचा. बबनने ती पसरलेली नव्हती. उजवीकडे त्याने मुद्दाम एक उभी मोरपंखी पट्टी मोकळी सोडली होती, 'पाटी'च्या बाहेर. "शिशात होतो तवा ओळ गॅलीतून काढायची नि दगडी टेबलाच्या कडेला ठेवायची," बबन म्हणाला. "पार्टीचं ठरंपर्यंत तिथंच. ठरलं का उचलायची नि बसवायची. ह्यात पण तसंच हाय. बाजूला न्यायचं नि सोडायचं. मग जागा कळली का तिथं नुसतं क्लिक मारायचं, नाव बरोबर येतं. लय भारी बनवलंस तू हे."

हे त्याने बनवलंच नव्हतं. हरिचंद्रला सगळं एकदम उमगलं. बटन दाबलं, माउस हलला, बटन सोडलं, अशा तीन खबरा येतात, आणि माउस ज्या खिडकीवर असेल त्या खिडकीलाच त्या मिळतात. बबनने नाव 'पाटी'त उचललं आणि बोट बाहेर सोडलं. सोडल्याची खबर 'पाटी'कडे आलीच नाही. ती बिचारी समजून चालली की नाव अजून हातात आहे. मग पुढे केव्हाही, कुठल्याही कामासाठी कुणी आत क्लिक केलं की तिला वाटे, हं, आता सोडलं. आणि ती नाव तिथे टाकून मोकळी होई. बबन क्लिक करायचा ते बहुतेक वेळा नाव बसवायलाच. त्यामुळे त्याला हा बिघाड कधी बिघाड वाटला नाही, सोय वाटली.

हरिचंद्रने आनंदाने बबनचा हात धरून हलवला. इलाज सोपा होता. बटन दाबताच माउसचा ताबा आपल्याकडे घ्यायचा, म्हणजे बोट कुठेही उचललं तरी खबर 'पाटी'लाच येते. आणि बाहेर सोडलं असेल तर नाव जिथून उचललं तिथेच राहू द्यायचं. चार ओळींचं काम. तो माळ्याचा जिना चढायला लागला, आणि मधल्याच पायरीवर थांबला. पत्रिकेतली चूक होण्यासाठी नाव आधी कुणीतरी बाजूला ठेवायला हवं होतं.

तो उतरून खाली आला. पार्टी गेली होती.

"बबनदादा, आमच्या पत्रिकेत मोठेबाबांचं नाव तुम्ही बाजूला ठेवलं होतं?"

बबन कळफलक पुसायला लागला.

"कुणी सांगितलं ठेवायला?"

"पार्टीनं."

"पार्टी कोण?"

"पार्टी म्हंजे पार्टी," बबन म्हणाला, आणि त्याने पुढे तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी तिथे एकच माणूस गेला होता. पुढचं हरिचंद्रला कुणी सांगायची गरज नव्हती. वडील म्हणाले असतील, हे नाव बाजूला ठेव. बबनने ठेवलं. मग 'कालकथित' या शब्दाखाली थोडी जागा सोडायला सांगितलं असेल. बबनने तिथे क्लिक केलं, डोळे कळफलकावर, आणि नाव तिथे जाऊन पडलं. वडलांनी कागदावर निमंत्रक तेवढे बघितले. सोमाचं नाव नव्हतं. हवं तसंच होतं. मग वर कशाला बघतील?

हरिचंद्रला वडलांचा राग आला, आणि राग आला याची लाजही वाटली. घरी गेल्यावर शिवरामांनी विचारलं, "सापडलं?" तो म्हणाला, "सापडलं." "मशीनच ना?" "मशीन पण," तो म्हणाला. शिवरामांनी तो शेवटचा शब्द ऐकला की नाही, कळलं नाही. ते म्हणाले, "मग रविवारी बोलवू त्याला," आणि चपला घालून लगेच चामटोलीला निरोप द्यायला निघाले.

रविवारी सोमा छापखान्यात आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. हासानंद शेठने खुर्च्या मांडल्या, चहा मागवला. बबन सुट्टी असून आला होता. हरिचंद्रने मनाशी ठरवलं होतं की नाव कसं उडी मारतं तेवढं दाखवायचं. बाहेर कुणी ओढलं हे विचारलंच तर माउस घसरतो म्हणायचं. तेही पूर्ण खोटं नव्हतं.

त्याने जुनी 'पाटी' उघडली. निमंत्रकांतलं सोमा रामजी रोकडे पकडलं, बाहेर नेलं, सोडलं. मग 'कालकथित'खाली क्लिक केलं. नाव टुणकन वर जाऊन बसलं.

सोमा खुर्चीत पुढे वाकून बघत राहिले. "परत कर." त्याने परत केलं. "म्हणजे इथं खाली ठेवायचं असं कुणी म्हटलंच नाही. हे आपलं आपण गेलं."

"आपलं आपण गेलं, मोठेबाबा. माझी चूक आहे. प्रोग्रामची."

शिवरामांनी मोठा श्वास सोडला. "सांगत होतो ना मी," ते म्हणाले.

सोमांचा चेहरा सैल झाला. ते हसलेसुद्धा. चहाचा कप उचलला, आणि तोंडाशी नेता नेता थांबले. "पण हे पहिलं बाहेर ओढलं कुणी?"

हरिचंद्रने माउस घसरतो असं म्हणायला तोंड उघडलं, आणि ते म्हणणं त्याच्याने झालं नाही. तेवढ्यात बबन म्हणाला, "माझा हात लागला. म्हातारा झालो आता." इतकी वर्षं पार्टीसाठी तो गप्प राहिला होता. खोटं मात्र तो पहिल्यांदाच बोलत असावा, कारण त्याला ते नीट जमलं नाही.

शिवराम उठून उभे राहिले. "त्याचा हात नाही लागला," ते म्हणाले. "मी सांगितलं. मी म्हटलं, ह्याचं नाव बाजूला ठेव."

सोमांनी कप बशीत ठेवला. "मशीननं मला मारलं त्याचं मला काही नाही, शिवा. चंदरची फजिती झाली तेवढीच. पण तू मला काढलंस."

"तू मला आईच्या वेळेला काढलंस," शिवराम म्हणाले. "मी कारखान्यातून धावत आलो. तोवर सगळं उरकलं होतं. आईचं तोंड पण बघायला मिळालं नाही मला. तू थांबला नाहीस, भाऊ."

किती वर्षांनी भाऊ म्हणाले ते. हासानंद शेठ उठून छपाईच्या मशीनकडे जाऊन उभा राहिला. त्याला तिथे काही काम नव्हतं.

"नाही थांबलो," सोमा म्हणाले. "लोक घाई करत होते. मी म्हणायला पाहिजे होतं, शिवा येतोय, थांबा. नाही म्हटलं मी. मला तेव्हा कुणाला नाही म्हणता आलं नाही." मग ते हरिचंद्रकडे वळले. "बिघाड काढलास का तू?"

"काढला."

"दाखव."

हरिचंद्रने नवी 'पाटी' उघडली. त्यातले आवाज काढायचे राहून गेले होते. सोमांनी स्वतः माउस धरला. दोनदा नाव हातून सुटलं. मग त्यांनी स्वतःचं नाव पकडलं. बारीक टुक. बबनच्या मोरपंखी पट्टीपर्यंत नेलं, आणि बोट उचललं. जाड टुक. नाव निमंत्रकांत जिथल्या तिथे होतं.

"परत आलं," ते म्हणाले. त्यांनी अजून एकदा करून बघितलं. मग खुर्ची थोडी सरकवली. "शिवा, तू कर."

शिवराम खुर्चीत बसले. त्यांनी माउस याआधी कधी धरला नव्हता. सोमांनी त्यांच्या हातावर हात ठेवून नाव पकडून दिलं, आणि शिवरामांनी ते थेट पडद्याच्या कडेपर्यंत ओढत नेलं. बोट उचलायला त्यांनी वेळ लावला. उचललं. नाव परत जागेवर आलं, आणि शिवराम शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागले. सोमांनी हात उचलला नाही.

बबन मात्र अस्वस्थ झाला होता. "ते सगळं बरोबर," तो म्हणाला, "पण उद्या पार्टी बोलली, हे नाव बाजूला ठेव, तर मी ठेवू कुठं?"

लग्न झालं. पत्रिका पुन्हा छापायला वेळ नव्हता, तेव्हा सोमा स्वतःच मंडपाच्या दारात उभे राहिले. येणारा प्रत्येक पाहुणा आधी दचके. नाशिकच्या एका म्हातारीने तर त्यांना चिमटा काढून बघितला. दर वेळी शिवराम शेजारून सांगत, "माझा मोठा भाऊ आहे. जिवंत आहे. पत्रिकेत चूक माझी झाली." मशीनचं नाव त्यांनी परत काढलं नाही. उमा हार घालून उभी राहिली ती मोठेबाबांना समोर बसवूनच.

नवी 'पाटी' छापखान्यांत गेली आणि महिन्याभरात फोन सुरू झाले. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, सगळीकडून एकच बोलणं. जुनीच बरी होती. जुनीत नाव बाजूला ठेवता यायचं, हिच्यात कितीही ओढलं तरी परत येतं. पार्टीचा खोळंबा होतो. हासानंद शेठ वैतागून माळा चढून आला. त्याने हरिचंद्रला समजावलं की गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं, चार ओळी काढायच्या, पहिल्यासारखं करायचं. त्यात काय मोठं?

हरिचंद्रने हातातला मिक्सर खाली ठेवला. तो शेठच्या वहिनींचा होता.

"नाही," तो म्हणाला.